तुमचे प्रश्न : डोंगर पोखरताना वरचं सगळं खाली येत कसं नाही?

मागच्या अंकात मुंबईच्या भुयारी मेट्रोवर दोन पानं लिहिली आणि पत्रांचा, मेलचा नुसता पाऊस पडला, त्यात काही प्रश्न इतके चांगले आहेत की एकेका ओळीत उरकले तर पाप लागेल, म्हणून यावेळचा अख्खा कॉलम बोगदे नि पुलांनाच देऊन टाकतोय. दोघांनी मेट्रोमुळे आमच्याकडे जागेचे भाव किती चढतील असंही विचारलंय, तो माल आमच्या दुकानात मिळत नाही. बाकीच्यांनी बसा, चहा घ्या.

प्रश्न : मी गिरगावात जुन्या चाळीत वाढले, आता डोंबिवलीला असते. आमच्या चाळीच्या आसपास खालून मेट्रोचा बोगदा गेला तरी चाळ उभी आहे, भिंतीला हात लावला तर माती पडते अशी ती चाळ! हे जमलं कसं? (एक वाचक, डोंबिवली)

ताई, आधी एक गैरसमज काढूया. टीबीएम, म्हणजे बोगदा खणणारं टनेल बोअरिंग मशीन, हे एक मोठं ड्रिल मशीन असं सगळ्यांना वाटतं, कारण पेपरात फोटो नेहमी त्या पुढच्या गोल चाकाचाच येतो. पण ते चाक म्हणजे नुसतं तोंड आहे हो, त्याच्या मागं लोखंडी नळकांडं असतं आणि त्याच्याही मागं शंभरेक मीटर लांबीचं आख्खं वर्कशॉप ओढत नेलेलं असतं, पंप, केबल, पट्टे, ऑपरेटरची केबिन, सगळं. माणसं काम करतात ती त्या नळकांड्याच्या आडोशाला, उघड्या मातीखाली कोणी उभंच राहत नाही.

आता हे धूड पुढं सरकतं कशाच्या जोरावर? स्वतःच बांधलेल्या भिंतीवर पाय टेकून. नळकांड्याच्या शेपटीत काँक्रीटच्या वाकड्या फाकी, त्यांना सेगमेंट म्हणतात, एकेक करून गोलाकार लावतात, पाच-सहा मोठ्या आणि शेवटी एक छोटी पाचरीसारखी, ती दोन फाकींच्या मधे सरकवली की रिंग आवळली जाते, दगडी कमानीच्या मधल्या दगडासारखंच. मग त्या रिंगच्या कडेवर मशीनचे जॅक टेकतात, मशीन स्वतःला एक रिंगभर पुढं ढकलतं, जॅक परत आत घेतले की मोकळ्या जागेत पुढची रिंग. एवढंच, आणि हेच हजारो वेळा.

चाळ वाचते ती मात्र दोन गोष्टींमुळे, आणि दोन्ही बाहेरून दिसत नाहीत. पहिली म्हणजे तोंडापाशी ठेवलेला दाब. माती मऊ असेल, पाणी असेल, तर चाकामागची खोली कापलेल्या मातीच्या चिखलाने मुद्दाम गच्च भरून ठेवतात, म्हणजे समोरची माती आत ढासळत नाही, आणि तो चिखल स्क्रूने बाहेर काढतात तो मोजून. मशीन जेवढं पुढं गेलं तेवढीच माती बाहेर यायला पाहिजे, त्याहून जास्त आली तर जास्तीची आली कुठून? वरून! ऑपरेटरच्या डोळ्यासमोरचा सगळ्यात महत्त्वाचा आकडा हाच. दुसरी गोष्ट शेपटीपाशी. मशीनने पाडलेलं भोक रिंगपेक्षा थोडं मोठं असतं, चहूबाजूंनी वीतभर फट राहते, ती लगोलग ग्राउट, म्हणजे पातळ सिमेंटचा गिलावा, दाबून भरली नाही तर माती त्या फटीत बसते आणि तेवढं वरचं सगळं खाली बसतं. मेट्रोच्या कामाच्या दिवसांत तुमच्या चाळीच्या भिंतींवर छोटे आरसे आणि जुन्या तड्यांवर मापं चिकटवलेली कोणाला आठवत असतील, ती याचसाठी, इमारत मिलिमीटरभर हलली तरी कळावं म्हणून.

तुमच्या चाळीपासची ही भुयारी लाइन, म्हणजे मेट्रो तीन, ३३.५ किलोमीटरची, २७ स्टेशनं, त्यातली २६ जमिनीखाली, आणि धारावीपाशी ती मिठी नदीच्याही खालून जाते. आणि खरं सांगू, बोगद्यापेक्षा स्टेशनांनी जास्त घाम काढला. बोगदा गोल आणि लहान, स्टेशन लांबरुंद. इतर ठिकाणी रस्ता उघडून वरून खड्डा खणायचा नि वर झाकण टाकायचं हे जमतं, पण गिरगाव-काळबादेवीत उघडायला रस्ता आहेच कुठं, तिथं प्लॅटफॉर्मची जागा खालच्या खाली, थोडी थोडी खोदत, लगेच काँक्रीटचा फवारा मारत मोठी केली.

नळकांड्याच्या आडून खोदायची आयडिया मात्र मशीनच्या कितीतरी आधीची. मार्क ब्रुनेलने लंडनला थेम्स नदीखाली १८२५ ते १८४३ असा बोगदा खणला तेव्हा लोखंडी चौकटीत ३६ खण होते, प्रत्येक खणात एक माणूस समोरची एकच फळी काढायचा, तेवढीच माती कोरायचा, फळी पुढं सरकवून परत लावायचा. त्याला ही कल्पना जहाजाचं लाकूड पोखरणाऱ्या किड्यावरून सुचली म्हणतात, तो किडा पोखरता पोखरता मागं भोकाला अस्तर लावत जातो. तुमच्या चाळीखालचं मशीन त्या किड्याचंच खापरपणतवंड.

प्रश्न : कोकण रेल्वेला अशी मशीनं का नाही वापरली? आणि पेडण्याचा बोगदा अजूनही दर पावसाळ्यात का रुसतो? (एक प्रवासी, रत्नागिरी)

दुसऱ्या प्रश्नात पहिल्याचं उत्तर लपलंय, पण क्रमाने घेऊ.

कोकण रेल्वेवर नव्वदच्या वर बोगदे आहेत, त्यातला सर्वात मोठा तुमच्याजवळचा करबुडे, साडेसहा किलोमीटरचा. बाकीचे बरेचसे लहान. टीबीएम म्हणजे हत्ती, एकदा आत घातला की सरळ लांब चालला तरच परवडतो. ते मशीन जोडायला, आत न्यायला, पलीकडे सोडवायला महिने जातात, आणि शेवटी भोक गोल आणि एकाच मापाचं. पाचशे मीटरच्या बोगद्यासाठी हा लवाजमा कोण करणार? शिवाय सह्याद्रीचा काळा कातळ हा सुरुंगाला उत्तम दगड आहे, नीट फोडला तर स्वतःची कमान स्वतः धरून उभा राहतो. म्हणून स्वीडनहून हायड्रॉलिक ड्रिलिंगची मशीनं आणली आणि सुरुंगाने काम काढलं.

सुरुंग म्हटलं की लोकांना वाटतं भोकं पाडली, दारू भरली, धडाम. तसं केलं तर डोंगर हसेल नुसता. समोरच्या भिंतीला साइटवर फेस म्हणतात, त्या फेसवर पन्नास-शंभर भोकं ठरलेल्या नक्षीत पाडतात आणि ती एकदम उडवत नाहीत. आधी मधली चार-सहा उडतात, दगडाला सरकायला जागा तयार होते, मग त्याच्या भोवतालची, मग त्याच्या भोवतालची, मधे सेकंदाचाही काही हिस्साच जातो, आणि सगळ्यात शेवटी कडेची, त्यात दारू हलकी भरतात म्हणजे उरलेला दगड खिळखिळा होत नाही. धूर बाहेर काढायचा, मग छतावरचे सुटे दगड पाडायचे, मग मक म्हणजे फोडलेला दगड उपसायचा, छताचा दगड धरून ठेवायला त्यात लांब लोखंडी बोल्ट मारायचे, परत भोकं. एका फेरीत दोन-तीन मीटर गेलो की खूश.

ते सुटे दगड पाडायचं काम मी अगदी नवीन असताना जवळून पाह्यलं. आमचा म्हातारा मुकादम लांब पहार घेऊन छतावर ठोकत चालायचा आणि मान एका बाजूला कलती करून ऐकायचा. टण्ण वाजलं की पुढं. भद्द वाजलं की हात आडवा करून आम्हा सगळ्यांना मागं ढकलायचा. एकदा मला दोन्ही आवाज सारखेच वाटले, मी शहाणपणा करून म्हटलं इथं ठीक आहे की, त्याने काही न बोलता पहारेचं टोक फटीत घालून जरा उचकटलं आणि टीव्हीएवढा धोंडा मी दोन मिनिटांपूर्वी जिथं उभा होतो तिथं येऊन पडला. म्हातारा तंबाखू मळायला लागला. त्या दिवसापासून मी बोगद्यात कमी बोलतो.

आता पेडणं. कातळ संपून खाली गोव्याकडे, कारवारकडे गेलात की जांभा लागतो आणि जांभ्याच्या खाली पिवळी-गुलाबी मऊ चिकणमाती, पाण्याने टम्म भरलेली. ती कोरडी असताना हाताने कापता येते आणि भिजली की पिठल्यासारखी वाहते. कोकण रेल्वेचे असे नऊ बोगदे मऊ मातीतले होते, आणि कातळातल्या सगळ्या बोगद्यांनी मिळून दिला नसेल एवढा त्रास त्या नवांनी दिला. खणलं की ढासळायचं, परत खणायचं, मशीन चालेना म्हणून हातांनी, थोडं थोडं. या मऊ मातीच्या बोगद्यांपायी चार वर्षं गेली आणि १९ माणसं गेली. अख्खी लाइन १९९८ च्या जानेवारीत चालू झाली, ती इतकी लांबली त्यात पेडण्याचा मोठा हात होता.

आणि बोगदा बांधून झाला म्हणजे पाणी थोडंच बदलतं? कोकणातला पाऊस तुम्हाला मी काय सांगू. बोगदा हा डोंगरातला सगळ्यात सोयीचा नळ असतो, आजूबाजूचं सगळं पाणी त्याच्याकडेच यायला बघतं. अस्तरामागून त्याला वाट काढून दिली तर ठीक, तुंबलं की भिंतीवर दाब येतो. २०२० च्या ऑगस्टमध्ये पेडण्यात भिंतीचा भाग कोसळला तेव्हा गाड्या पुणे-मिरज-लोंढामार्गे फिरवल्या होत्या, २०२४ च्या जुलैत चिखलपाणी थेट रुळांवर आलं. मी दगडाला कधी घाबरलो नाही, पाण्याला मात्र आजही घाबरतो, दगड निदान वाजून सांगतो तरी.

प्रश्न : आम्ही सिव्हिलच्या दुसऱ्या वर्षाला आहोत. दोन बाजूंनी बोगदा खणत येतात तर मधे नेमके भेटतात कसे? सर म्हणाले सर्व्हे. पण आत जीपीएस तर चालत नाही. (दोन मैत्रिणी, पुणे)

सर बरोबर बोलले, घाईत बोलले.

जीपीएस बाहेर वापरायचं. दोन्ही तोंडांपाशी पक्के खांब रोवून त्यांची एकमेकांच्या हिशेबातली जागा मिलिमीटरमध्ये काढायची. आत गेलं की टोटल स्टेशन, म्हणजे कोन आणि अंतर मोजायचं यंत्र, घेऊन एका बिंदूवरून पुढचा, त्यावरून त्याच्या पुढचा असं जायचं. गंमत अशी की प्रत्येक वेळी कोनात केसभर चूक होते आणि ती पुढं पुढं वाढत जाते, तुम्ही अंधारात भिंत धरून चाललात तर जसे हळूहळू वाकडे जाता तसंच. म्हणून मधेमधे जायरो लावतात, हे यंत्र पृथ्वीच्या फिरण्यावरून खरी उत्तर दिशा शोधतं, त्याला वर आकाश दिसायची गरज नाही.

आणि एक पुस्तकात एका ओळीत असलेली गोष्ट, परीक्षेला नाही पण साइटवर कामाला येईल : बोगद्याची भिंत आणि आतली हवा यांच्या तापमानात फरक असतो, भिंतीला लागून किरण गेला की तो वाकतो, उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर पाणी दिसतं ना, तोच प्रकार. म्हणून सर्व्हेची रेघ एकाच भिंतीच्या कडेने न नेता डावीउजवीकडे नागमोडी नेतात.

स्वित्झर्लंडचा गॉटहार्ड बेस टनेल ५७ किलोमीटरचा, अर्थात एकाच तोंडातून नाही, मधूनही शाफ्ट, म्हणजे विहिरीसारखी भोकं, पाडून खणलेला, त्यातला सेड्रुनचा शाफ्ट तर ८०० मीटर उभा खोल, वरची दिशा त्या विहिरीतून खाली उतरवायची म्हणजे काय ते इमॅजिन करा. १५ ऑक्टोबर २०१० ला दोन टोकं भेटली तेव्हा फरक निघाला आडवा ८ सेंटिमीटर आणि उभा १ सेंटिमीटर. त्याच्या वीस वर्षं आधी, १ डिसेंबर १९९० ला इंग्लंड आणि फ्रान्स समुद्राखाली भेटले त्यात साधारण ३६ सेंटिमीटर आडवा नि ६ सेंटिमीटर उभा फरक होता. तेही वाईट नाही हं, आमच्या सोसायटीतल्या दोन विंगच्या गच्च्या याहून वाकड्या आहेत.

प्रश्न : कोयनेत धरणाच्या तळाला भोक पाडलं होतं असं वडील सांगतात. धरण रिकामं न करता? मला ही थाप वाटते. (एक वाचक, चिपळूण)

वडिलांची माफी मागा. थाप नाही, फक्त भोक धरणाच्या भिंतीला नाही, शिवसागर जलाशयाच्या तळाला पाडलं. १३ मार्च १९९९ ला, आशियातलं पहिलं लेक टॅपिंग, आणि नंतर पुन्हा २५ एप्रिल २०१२ ला. तुमच्या वाशिष्ठीला उन्हाळ्यातही जे पाणी असतं ते याच कोयनेचं, डोंगराच्या पोटातून वीज करून खाली सोडलेलं, तेव्हा तुमचा या प्रश्नावर हक्कच आहे.

अडचण साधी होती. चौथ्या टप्प्याच्या १००० मेगावॉटच्या वीजघराला जलाशयातून नवीन बोगद्याने पाणी घ्यायचं, आणि त्यासाठी भरलेला तलाव रिकामा कोण करू देणार? नॉर्वेवाल्यांकडे तलाव पुष्कळ नि जलविद्युतही पुष्कळ, त्यांनी यावर फार पूर्वीपासून एक युक्ती बसवलेली. बोगदा उलट्या बाजूने, कोरड्यातून, तलावाच्या तळाकडे खणत आणायचा आणि पाण्याला भिडायच्या काही मीटर आधी थांबायचं. मधे उरतो तो दगडाचा बूच. एका बाजूला तुम्ही, दुसऱ्या बाजूला अख्खा तलाव.

शेवटचे ते मीटर कसे जात असतील याचा विचार करा. पुढं सरकायच्या आधी बारीक लांब भोकं पाडून बघायचं, पाणी येतंय का, किती जोराने येतंय. आलं की सिमेंटचं ग्राउट दाबून फट बुजवायची, मग पुढं. सुरुंगसुद्धा नेहमीपेक्षा बारके, बूच खिळखिळा व्हायला नको. तळ वरून कसा आहे हे आधी मोजून ठेवलेलं असतं, कारण बूच खरंच किती जाड उरलाय यावर सगळं गणित. बुचाच्या खाली मोठा खड्डा खोदून ठेवतात, कारण तो उडाला की दगड पाण्याबरोबर आत येणार, तो त्या खड्ड्यात पडून राहायला पाहिजे, टर्बाइनकडे जाता कामा नये. मागं भक्कम दरवाजा बंद.

आणि मग सगळ्यात मजेची गोष्ट, हवा. बुचाखाली हवा किती ठेवायची? काहीच नसेल तर स्फोटाचा धक्का पाण्यातून सरळ दरवाजावर जातो, पाणी दाबलं जात नाही ना. फार असेल तर पाणी वेग घेऊन आपटतं. म्हणून काही ठिकाणी बोगद्यात आधीच पाणी भरून ठेवतात आणि बुचाखाली मोजून हवेची गादी सोडतात, स्कूटरच्या शॉकअप्ससारखी. मग बटण. एकदाच. भोकातली दारू भिजली, दोन-चार भोकं उडालीच नाहीत, बूच अर्धवट फुटला तर आता परत आत जाऊन बघायला कोण जाणार? सगळ्या बांधकामात रीटेक असतो, यात नाही. मला विचाराल तर महाराष्ट्राने केलेल्या कामांत हे सगळ्यात देखणं काम आहे आणि ते कोणालाच दिसत नाही, कारण त्याच्यावर पाणी आहे.

प्रश्न : रत्नागिरीजवळचा पानवलचा तो उंच पूल, तिथं खाली दरीत क्रेन उभी कशी केली? (एक आजोबा, लांजा)

केलीच नाही आजोबा. पूल ६४ मीटर उंच, म्हणजे वीस मजली इमारत समजा, तिथं खालून परांचा बांधत यायचं तर जंगलच उभं करावं लागेल. तो पूल एका काठावर ओतून ढकलत ढकलत पलीकडे नेला. अशा रीतीने उभे राहिलेल्या भारतातल्या पहिल्या काही पुलांपैकी तो.

म्हणजे असं, काठाच्या मागं सपाट जागा करून तिथं एकाच साच्यात पुलाचा पंधरा-वीस मीटरचा तुकडा ओतायचा, तो पक्का झाला की जॅक लावून तेवढाच पुढं ढकलायचा, मोकळ्या साच्यात त्याच्या शेपटीला जोडून पुढचा ओतायचा, परत ढकलायचं, असं करत सोंड दरीवर जाते. साचा हलत नाही, पूलच हलतो! खांबांवर गुळगुळीत स्टीलचा पत्रा आणि त्यावर टेफ्लॉनचे गादीसारखे तुकडे सरकवत राहायचे, आपल्या नॉनस्टिक तव्यावर असतं तेच टेफ्लॉन. घर्षण इतकं कमी होतं की हजार टनांचं ओझं असलं तर पन्नासेक टनांच्या जोराने सरकतं.

यात मेख अशी आहे की पूल तयार झाल्यावर कुठला भाग खांबावर नि कुठला मधे हे ठरलेलं असतं, पण ढकलताना प्रत्येक तुकडा कधी खांबावर येतो, कधी अधांतरी. खांबावर आला की वरचा भाग ताणला जातो, मधे आला की खालचा. काँक्रीटला ताण सोसत नाही, म्हणून वर आणि खाली दोन्हीकडे केबल आवळून ठेवाव्या लागतात. आणि सोंडेचं टोक पुढच्या खांबाला टेकायच्या आधी खाली लवतं, म्हणून सगळ्यात पुढं हलकी लोखंडी चोच लावतात, ती आधी पोचते, मग मागून पूल येतो.

मुंबईत मेट्रोच्या खांबांवर पिवळीनिळी लोखंडी धूडं दिसतात ती वेगळी, तिथं तुकडे कारखान्यात ओतून येतात आणि वर टांगून एकत्र आवळतात. अटल सेतूवर जिथं खालून बोटी जायला मोठी मोकळी जागा पाहिजे होती तिथं काँक्रीटचं वजन परवडेना, म्हणून दोन खांबांमधले १८० मीटरपर्यंतचे स्टीलचे गाळे, किनाऱ्यावर जोडून बार्जवरून नेलेले. म्हणजे खाली दरी आहे, रस्ता आहे की समुद्र, ते बघून पद्धत.

प्रश्न : उत्तरकाशीला एवढी मोठी मशीन आणूनही शेवटी हातानेच का खणावं लागलं? (एक शिक्षक, जालना)

कारण समोर डोंगर नव्हता, ढिगारा होता. हा फरक टीव्हीवर फारसा कोणी सांगितला नाही. १२ नोव्हेंबर २०२३ ला सिल्क्याराच्या बोगद्यात वरचा भाग कोसळला नि ४१ कामगार पलीकडे अडकले. मधला ढीग होता पन्नास-साठ मीटरचा, त्यात दगडमातीबरोबर बोगद्यालाच आधार दिलेल्या लोखंडी कमानी वाकडातिकडा गुंता होऊन पडलेल्या. ऑगर म्हणजे मोठा स्क्रू, तो माती सुंदर ओढतो, पण लोखंडी सळईत अडकला की पात्याला साडी गुंडाळल्यासारखी गत. शेवटी तो पाइपातच तुटला, तो कापून कापून बाहेर काढावा लागला.

मग रॅट होल मायनर म्हणतात ती, उंदराच्या बिळासारखी अरुंद भोकं हाताने खणून कोळसा काढणारी माणसं ८०० मिलिमीटरच्या पाइपात शिरली. तुमच्या वर्गातला बाक आडवा जाणार नाही एवढी जागा. पुढचा गुडघ्यावर बसून हाताने फोडतोय, दुसरा घमेल्यात भरतोय, मागून ट्रॉली ओढून घेतायत, लोखंड लागलं की कटरने कापायचं. शेवटचे दहा-बारा मीटर असे गेले. १७ व्या दिवशी, २८ तारखेला, ४१ च्या ४१ बाहेर. त्याआधी कित्येक दिवस सहा इंची पाइपातून बाटल्यांत भरून खिचडी जात होती. ज्या पद्धतीच्या कोळसा खाणींवर २०१४ मध्ये हरित लवादाने बंदी घातली, त्याच हातांनी ही सुटका केली, यावर वर्गात वादविवाद घ्यायला हरकत नाही सर.

प्रश्न : ब्रिटिशांनी खंडाळ्याचा घाट मशीन नसताना कसा फोडला? (कर्जतहून)

घणाने, पहारेने आणि काळ्या बंदुकीच्या दारूने. बोरघाटाची लाइन १८६३ ला चालू झाली आणि डायनामाइटचं पेटंट १८६७ चं, म्हणजे ते २५ बोगदे डायनामाइटशिवाय. माणसं दोर बांधून कड्यावर लोंबकळत भोकं पाडायची. साथींनी, अपघातांनी हजारोंनी मेली, त्यांची नावंही कुठं नाहीत. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल इथं आल्यावर थोड्याच दिवसांत वारला आणि काम त्याच्या बायकोने, अ‍ॅलिस ट्रेडवेलने, पुढं चालवलं. १८५९ मध्ये एका बाईच्या हातात बोरघाट! यावर कधीतरी स्वतंत्र लिहीन.

प्रश्न : काम संपल्यावर टीबीएम परत कसं काढतात? मागं तर जाता येत नसेल ना, मागं रिंग बांधलेली असते. (एक वाचक, नाशिक)

डोकं चालतंय तुमचं. मागं खरंच येत नाही, चाक रिंगपेक्षा मोठं असतं. पलीकडे आधीच खड्डा खणून ठेवतात, त्यात डोकं बाहेर काढायचं, सुटे भाग करून क्रेनने उचलायचं. मुंबईच्या कोस्टल रोडचं मावळा मशीन १२.१९ मीटर व्यासाचं, ते प्रियदर्शिनी पार्कपासून मलबार हिलच्या खालून गिरगाव चौपाटीकडे आलं, १० जानेवारी २०२२ ला बाहेर पडलं, तिथंच त्याला वळवून दुसऱ्या बोगद्यासाठी उलटं पाठवलं, ते ३० मे २०२३ ला परत पार्कात. इंग्लंड-फ्रान्सच्या बोगद्यात मात्र एका मशीनला काढण्यापेक्षा पुरणं स्वस्त पडलं, त्याला वाट वाकडी करून बाजूला खाली घातलं नि काँक्रीटने बंद केलं. अजून तिथंच आहे बिचारं.

प्रश्न : काका, बोगद्यातून निघालेला दगड कुठे टाकतात? (इयत्ता सहावी, सातारा)

बाळा, हा प्रश्न मोठे इंजिनिअर पण शेवटी विचारतात आणि मग पस्तावतात. डोंगरात एक घमेलं दगड असला की फोडल्यावर दीड घमेलं होतो, कारण तुकड्यांच्या मधे हवा शिरते. घरी बिस्किटाचा पुडा चुरून परत त्याच पुड्यात भरून बघ, आईला विचारून. म्हणजे जेवढा बोगदा त्याच्या दीडपट ढीग, आणि तो न्यायला ट्रकच ट्रक. दगड चांगला असेल तर फोडून खडी करतात आणि त्याच बोगद्याच्या काँक्रीटमध्ये घालतात, गॉटहार्डला सुमारे २.८ कोटी टन दगड निघाला त्यातल्या बऱ्याच भागाचं असंच केलं. चिखल असेल तर जुन्या खाणींचे खड्डे भरतात.

इंग्लंडमध्ये समुद्राखालून काढलेला खडूचा दगड डोव्हरजवळ कड्याच्या पायथ्याशी बांध घालून त्याच्या आत टाकला. तिथं नवीन जमीनच तयार झाली, सॅमफायर हो म्हणतात तिला. आता तिच्यावर गवत आलंय, मेंढ्या चरतात आणि लोक डबा घेऊन फिरायला जातात.